पानांचा डोंगर आणि काचेची पाटी

दोस्तांनो, तुमच्या सोसायटीची किंवा चाळीची वार्षिक सभा कधी पाहिली आहे का? पाहिली नसेल तर यंदा एका कोपऱ्यात बसून जरूर पाहा. मोठी गंमत असते. सचिवकाका मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत असतात, दोघंतिघं ते ऐकत असतात आणि बाकीचे हातातल्या कागदाची घडी करून वारा घेत असतात. मग मध्येच कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "अहो, पण माझ्याकडच्या कागदावर तर दुसरंच लिहिलंय!" झालं! पुढची वीस मिनिटं वाद पाण्याच्या टाकीवर होत नाही. तो होतो कुणाकडचा कागद खरा यावर!

चाळीस-पन्नास घरांच्या सभेत ही तऱ्हा. आता अशी कल्पना करा, की सभेला हजाराच्या आसपास माणसं आहेत. सभा आठ-नऊ दिवस चालणार आहे. ठराव शेकडो आहेत. आणि प्रत्येक ठराव दोन वेगवेगळ्या सभागृहांत, शब्दाला शब्द सारखा, मंजूर व्हायला हवा. तिथे कागदांचं काय होत असेल?

अशी सभा खरोखरच भरते. ती आहे अमेरिकेतल्या 'एपिस्कोपल चर्च'ची महासभा. दर तीन वर्षांनी, दरवेळी वेगळ्या शहरात ती भरते. वर्षानुवर्षं तिथे कागदांचे अक्षरशः डोंगर रचले जात. २०१५ साली मात्र सॉल्ट लेक सिटी या शहरात या महासभेनं ठरवलं, आता कागद पुरे! ते कसं जमलं, त्यात काय साधलं आणि काय सांभाळावं लागलं, हेच आज आपण पाहणार आहोत. गोष्ट परदेशातली आहे खरी, पण वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल, की ती तुमच्या शाळेच्या सूचनाफलकापर्यंत येऊन पोचते.

एक चर्च, दोन सभागृहं

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती उंच मनोऱ्याची, घंटा असलेली इमारत. पण 'चर्च' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. अशा शेकडो-हजारो देवळांमधली सगळी माणसं मिळून जी एक मोठी संस्था होते, तिलाही चर्चच म्हणतात. आता एवढी मोठी संस्था म्हटली, की नियम आले, हिशेब आले, निवडणुका आल्या. आणि जिथे हे सगळं आलं तिथे सभा ही आलीच!

एपिस्कोपल चर्चचं मूळ इंग्लंडमधलं. अमेरिकेतल्या वसाहतींवर इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा तिथली ही मंडळी 'चर्च ऑफ इंग्लंड'चाच भाग होती. १७७६ साली अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. मग प्रश्न पडला, देश स्वतंत्र झाला, पण चर्चचं काय? तेव्हा १७८५ साली फिलाडेल्फिया शहरात सात राज्यांमधले प्रतिनिधी जमले. हीच पहिली महासभा. पुढे १७८९ साली चर्चची घटना तयार झाली.

या चर्चच्या नावातच त्याचा अर्थ दडलेला आहे बरं का! 'एपिस्कोपोस' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ देखरेख करणारा. त्यावरूनच 'बिशप' हा शब्द आला. म्हणजे एपिस्कोपल चर्च हे बिशपांची व्यवस्था असलेलं चर्च. बिशप हे एका मोठ्या भागाचे धर्मप्रमुख असतात. त्या भागाला म्हणतात धर्मप्रांत.

पण सगळं काही बिशपांनीच ठरवायचं, असं इथे नाही. महासभेची दोन सभागृहं आहेत. एक बिशपांचं आणि दुसरं प्रतिनिधींचं. प्रत्येक धर्मप्रांत जास्तीत जास्त आठ प्रतिनिधी पाठवतो. त्यांतले चार धर्मगुरू आणि चार साधी माणसं. साधी म्हणजे कोण? शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, दुकानदार, आजी, आजोबा, कुणीही! धर्मप्रांत शंभरावर आहेत. आता तुम्हीच गुणाकार करा. प्रतिनिधींची संख्या आठशेच्या वर जाते. आपल्या लोकसभेच्या जागा किती? ५४३. म्हणजे हे सभागृह लोकसभेपेक्षाही मोठं!

इथे बसायचा हक्क सगळ्यांना पहिल्यापासून होता असं मात्र नाही. स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून रीतसर बसता आलं ते १९७० साली. आणि तुमच्या वयाच्या मुलांचं काय? त्यांनाही जागा आहे! माध्यमिक शाळेतल्या अठरा मुलामुलींची अधिकृत तुकडी महासभेला येते. त्यांना मत देता येत नाही, पण प्रतिनिधींच्या सभागृहात बसता येतं आणि उठून बोलताही येतं. आहे की नाही मजा?

जाता जाता आपल्याकडचा एक धागा सांगून टाकतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा वेगवेगळी चर्चं एकत्र आली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथे त्याचे धर्मप्रांत आहेत. तुमच्या वर्गातला एखादा मित्र किंवा मैत्रीण कदाचित याच चर्चमध्ये जात असेल. त्याची सर्वोच्च सभा म्हणजे 'सिनड'. हे चर्च आणि अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च ही दोन्ही जगभरच्या अँग्लिकन परिवारातली. म्हणजे एकमेकांची लांबची भावंडंच म्हणा ना!

ठरावाचा प्रवास

आता महासभेत ठराव कसा पुढे सरकतो ते पाहू. प्रत्येक ठरावाला एक अक्षर आणि एक क्रमांक असतो. अक्षर पाहिलं की ठराव कुठून आला ते कळतं. 'ए' म्हणजे चर्चच्या समित्यांनी मांडलेला. 'बी' म्हणजे बिशपांनी मांडलेला. 'सी' म्हणजे धर्मप्रांतांकडून आलेला. आणि 'डी' म्हणजे प्रतिनिधींनी मांडलेला. अगदी आगगाडीच्या डब्यावरच्या अक्षरांसारखं!

ठराव आधी एका समितीकडे जातो. तिथे सुनावणी होते. बाजूनं बोलणारे बोलतात, विरोधातले बोलतात. समिती त्यात बदल सुचवते. मग तो एका सभागृहात येतो. तिथे चर्चा, दुरुस्त्या, मतदान. मंजूर झाला, की दुसऱ्या सभागृहाला 'निरोप' जातो, "आम्ही हा ठराव असा असा मंजूर केला आहे. तुमचं काय म्हणणं?" दुसऱ्या सभागृहानं जसाच्या तसा मान्य केला तर काम फत्ते. पण त्यांनी एक शब्द जरी बदलला, तरी ठराव परत पहिल्या सभागृहाकडे! दोघांचा मजकूर तंतोतंत जुळला पाहिजे. आणि हे सगळं महासभा संपायच्या आत!

एका शब्दाची किंमत

तुम्ही म्हणाल, एका शब्दानं असं काय बिघडतं? आपण एक खोटाच ठराव तयार करू. समजा तो असा आहे :

"प्रत्येक चर्चने दरवर्षी दहा झाडे लावावीत."

एकजण उठतो आणि म्हणतो, "आमच्या चर्चला अंगणच नाही हो! आम्ही झाडं लावायची कुठे? तेव्हा 'लावावीत' काढा आणि 'लावता येतील' घाला." दुसरी म्हणते, "असं केलं तर कुणीच लावणार नाही! 'लावलीच पाहिजेत' असं हवं." तिसरा सुचवतो, "दहाऐवजी 'शक्य तितकी' म्हणा."

पाहिलंत? 'लावावीत', 'लावता येतील', 'लावलीच पाहिजेत'. शब्द थोडेसेच बदलले, पण एकात विनंती आहे, दुसऱ्यात मुभा आहे आणि तिसऱ्यात हुकूम आहे. आता गंमत अशी, की चर्चा चालू असताना समोरच्या आठशे माणसांपैकी काहींच्या हातात सकाळचा कागद आहे, काहींच्या हातात दुपारचा, आणि काहींनी पेन्सिलनं खोडून काहीतरी तिसरंच लिहिलं आहे. अशा वेळी हात वर करून मत दिलं, तर ते नक्की कशाला दिलं?

सभेचा सगळ्यात मोठा नियम कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेला नसतो, पण तो मोडला तर बाकीचे सगळे नियम फुकट जातात. तो नियम असा, की मत देताना प्रत्येकाच्या समोर तेच शब्द असले पाहिजेत.

कागदाचं गणित

जुन्या पद्धतीत काय होतं ते ऐका. महासभेच्या आधी प्रतिनिधींना अहवालांचं एक जाडजूड पुस्तक मिळे. त्याला म्हणत 'ब्ल्यू बुक', म्हणजे निळं पुस्तक. शिवाय सभेच्या जागी तीन कड्यांची एक मोठी फाइल. त्यात ठराव, वेळापत्रक, समित्यांचे अहवाल, निरोप. दुरुस्ती झाली, की नवा कागद टाइप करायचा, त्याच्या प्रती काढायच्या, भोकं पाडायची आणि वाटायच्या. प्रतिनिधींनी मग कडी उघडायची, जुना कागद काढायचा, नवा घालायचा. एकाच दिवसात असं किती वेळा!

हे कागद आणि चिठ्ठ्या पोचवायला स्वयंसेवक असत. सभागृहातल्या अशा निरोप्याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे? 'पेज'! म्हणजे पानालाही पेज आणि पान पोचवणाऱ्यालाही पेज!

आता वही-पेन्सिल घ्या. आपण एक ढोबळ हिशेब करू. समजा, सभेला १,००० माणसं आहेत आणि प्रत्येकाला सगळे मिळून १,००० पानं वाचायला दिली. झाली १० लाख पानं. दोन्ही बाजूंनी छापली, तर ५ लाख कागद. एका रिमात कागद असतात ५००. म्हणजे लागली १,००० रिमं. आपल्या नेहमीच्या ए-४ कागदाचं एक रीम साधारण अडीच किलो भरतं. म्हणजे एकूण वजन २,५०० किलो, अडीच टन! एखाद्या हत्तिणीचं वजन जवळपास एवढं असतं. आणि सभा संपली, की यातला बराचसा कागद रद्दीत! ही सगळी पानं छापायची, बांधायची, ट्रकमधून आणायची आणि घरी जाताना विमानाच्या सामानात कोंबायची. पाठीवर दप्तराचं ओझं वागवणाऱ्या तुम्हाला हे दुःख वेगळं सांगायला नकोच!

पण लक्षात ठेवा, ओझं हा अर्धाच प्रश्न होता. खरा प्रश्न होता तो उशिराचा. छापलेला कागद हातात पडेपर्यंत चर्चा पुढे निघून गेलेली असे.

काचेची पाटी

२५ जून ते ३ जुलै २०१५. सॉल्ट लेक सिटीमध्ये ७८वी महासभा भरली. या वेळी प्रतिनिधींच्या आणि बिशपांच्या हातात तीन कड्यांची फाइल नव्हती. होता एक आयपॅड. तुमच्या आजी-आजोबांच्या पाटीएवढा, पण काचेचा!

त्या आयपॅडवर होती एक आभासी फाइल. तिचं नाव 'व्हर्च्युअल बाइंडर'. नाव मुद्दाम जुन्या फाइलीचंच ठेवलं होतं, आणि आतली मांडणीही ओळखीची वाटेल अशी. आजचं कामकाज काय, कोणता ठराव कुठल्या समितीकडे आहे, दुसऱ्या सभागृहाचा निरोप काय आला, सगळं बोटाच्या एका टिचकीवर. सचिवांच्या कार्यालयानं एखाद्या ठरावाचा मजकूर बदलला, की तो सगळ्यांच्या पडद्यावर बदलायचा. भोकं पाडायला नकोत, कडी उघडायला नको, आणि "माझ्याकडे दुसरंच लिहिलंय" म्हणायलाही जागा नाही!

आणखी एक गोष्ट झाली. हे ठराव आणि त्यांची स्थिती सभेबाहेरच्या लोकांनाही इंटरनेटवरून पाहता येत होती. पूर्वी घरी बसलेल्या माणसाला आपल्या प्रतिनिधीनं काय केलं, हे तो परत आल्यावर कळायचं. आता गावातल्या एखाद्या आजीला आपल्या खुर्चीत बसून ठराव कुठवर आला ते बघता येऊ लागलं. पडद्यावर अक्षर मोठं करता येतं, हा आजींचा आणखी एक फायदा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. हे आयपॅड प्रतिनिधींनी विकत आणायचे नव्हते. चर्चनं ते सभेपुरते वापरायला दिले होते. वापरा आणि परत करा! असं का? विचार करा. "ज्याचा त्याचा कॉम्प्युटर ज्यानं त्यानं आणावा" असं म्हटलं असतं, तर श्रीमंत प्रतिनिधीकडे नवाकोरा, गरीब प्रतिनिधीकडे जुनापुराणा आणि कुणाकडे काहीच नाही, असं झालं असतं. या चर्चचे धर्मप्रांत फक्त अमेरिकेतच नाहीत. हैती, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक, तैवान अशा ठिकाणांहूनही प्रतिनिधी येतात. कागद असताना निदान एक गोष्ट होती, तो सगळ्यांना सारखाच मिळायचा. कागद काढून घेतला, तर त्याची ही समानता तरी टिकायला नको का? म्हणून सगळ्यांच्या हातात सारखी पाटी!

तरीही एक काम माणसांनीच केलं

याच महासभेत एक मोठी निवडणूक होती. चर्चच्या मुख्य बिशपांची. २७ जून २०१५ रोजी सगळे बिशप शहरातल्या सेंट मार्क्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थना करून मतदानाला बसले. निकाल बाहेर जाहीर करायचा नाही. आधी तो प्रतिनिधींच्या सभागृहाला कळवायचा, त्यांनी मान्यता द्यायची आणि तोवर बिशपांनी चर्चमध्येच थांबायचं, अशी रीत.

पहिल्याच फेरीत बिशप मायकेल करी यांना १७४ पैकी १२१ मतं मिळाली. प्रतिनिधींच्या सभागृहानं ८०० विरुद्ध १२ अशा मतांनी ही निवड मान्य केली. या पदावर निवडून आलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. ज्या चर्चमध्ये एके काळी गुलाम बाळगणारी माणसंही होती, त्याच चर्चचा प्रमुख गुलामांच्या वंशातला एक माणूस झाला! (पुढे २०१८ साली इंग्लंडच्या राजपुत्र हॅरी यांच्या लग्नात प्रवचन करणारे बिशप ते हेच बरं का!)

हातात इतकी वेगवान यंत्रं असूनही निकालाची बातमी आधी यंत्रावर झळकली नाही. ती नेहमीच्या रीतीनं एका सभागृहाकडून दुसऱ्याकडे गेली. काही गोष्टी वेगानं व्हायला हव्यात आणि काही सावकाश. कोणती कशी, हे ठरवायचं काम यंत्राचं नाही.

नाण्याची दुसरी बाजू

आता तुम्ही म्हणाल, मग कागद सगळा वाईट आणि पडदा सगळा चांगला! थांबा, इतकी घाई नको.

कागदाला चार्जिंग लागत नाही. वीज गेली, नेटवर्क बंद पडलं, तरी कागद वाचता येतो. हजार माणसं एकाच मोठ्या दालनात एकाच वेळी वायरलेस नेटवर्क वापरू लागली, की त्यासाठी आधीपासून भक्कम तयारी लागते. जन्मात कधी पडद्याला बोट न लावलेल्या प्रतिनिधीला आधी शिकवावं लागतं, आणि तेही त्याला कमीपणा वाटणार नाही अशा रीतीनं.

झाडांचं काय? कागद वाचला, हे खरं. पण आयपॅड काही हवेतून तयार होत नाही. त्यासाठी खाणींमधून धातू काढावे लागतात, कारखाने चालवावे लागतात, आणि तो बिघडला की त्याचा इलेक्ट्रॉनिक कचरा होतो. एकदा वापरून कपाटात टाकला, तर त्यापेक्षा कागद बरा म्हणायची पाळी येईल! तेच यंत्र पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांच्या हाती वापरलं गेलं, तर मात्र हिशेब जमतो. तेव्हा 'वापरा आणि परत करा' हे इथेही शहाणपणाचं ठरतं.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न आहे तो आठवणीचा. १७८५ सालच्या महासभेचं इतिवृत्त कागदावर छापलेलं आहे. त्या काळचा कागद कापडाच्या चिंध्यांपासून बनायचा. तो फार टिकाऊ. सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली, तरी त्या काळचे कागद आजही वाचता येतात. आपल्या पुण्यात पेशवे दप्तरातले मोडी लिपीतले कागद जपून ठेवले आहेत, तसंच. आता बाबांना विचारा, "तुमच्या लहानपणीची फ्लॉपी आहे का हो घरात?" सापडलीच, तर ती घालायला कॉम्प्युटरला खाच कुठे आहे? वीस-पंचवीस वर्षांतच ही गत, तर दोनशे वर्षांनी काय होईल?

म्हणून कागद सोडणाऱ्या संस्थेला एक जास्तीचं काम मागे लागतं. जुन्या फाइली वेळोवेळी नव्या यंत्रांना वाचता येतील अशा करत राहायच्या, एकाहून जास्त जागी प्रती ठेवायच्या. एपिस्कोपल चर्चचं यासाठी स्वतंत्र अभिलेखागार आहे. महासभेनं १९७६ पासून मंजूर केलेले ठराव तिथे संगणकावर शोधता येतात. कागद गेला म्हणून दप्तरखाना गेला नाही. उलट त्याचं काम वाढलं!

साथ आली आणि परीक्षा झाली

२०१५ नंतर ही काचेची फाइल टिकली का? टिकली. पुढच्या महासभांमध्येही तीच पद्धत चालू राहिली. पण तिची खरी परीक्षा झाली ती कोरोनाच्या साथीत. २०२१ सालची महासभा एक वर्ष पुढे ढकलावी लागली. शेवटी ती जुलै २०२२ मध्ये बाल्टिमोर शहरात भरली, तीही फक्त चार दिवस! एवढ्या थोड्या वेळात शेकडो ठराव कसे उरकायचे?

तर समित्यांच्या सुनावण्या आधीच, काही महिने अगोदर, व्हिडिओवरून घेण्यात आल्या. ज्यांना प्रवास झेपत नाही, परवडत नाही, किंवा ज्यांना कामावर रजा मिळत नाही, त्यांनाही घरूनच समितीपुढे बोलता आलं. ही सोय इतकी आवडली, की २०२४ साली लुईव्हिलमधल्या महासभेच्या आधीही समित्या अशाच ऑनलाइन बसल्या. शेवटचं मतदान मात्र सगळ्यांनी एकत्र जमूनच केलं. समोरासमोर बसून, एकमेकांचे चेहरे पाहून.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. हिमाचल प्रदेशची विधानसभा २०१४ सालीच, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या आधी एक वर्ष, देशातली पहिली कागदविरहित विधानसभा झाली. २०२१ साली देशाचा अर्थसंकल्प कागदावर न छापता मांडला गेला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो टॅबलेटवरून वाचला, आणि तो टॅबलेट होता लाल वहीखात्याच्या वेष्टनात! म्हणजे तिकडे नव्या फाइलीला जुनं नाव, इकडे नव्या पाटीला जुनी झूल. माणसं सगळीकडे सारखीच!

तुमच्या शाळेचंही असंच चाललेलं असेल. पूर्वी बाई फळ्यावर सूचना लिहायच्या आणि तुम्ही ती वहीत उतरवून घ्यायचा. आता सूचना येते मोबाइलवर. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन बाबा रात्रपाळीला गेले आहेत, त्या घरातल्या मुलाला उद्या कोणती वही न्यायची ते कसं कळणार? मग दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात उभं राहावं लागतं. चूक कुणाची?

आई-बाबांनो आणि बाईंनो, हे खास तुमच्यासाठी. कागद वाचवणं चांगलंच. पण सूचना मोबाइलवर पाठवली म्हणजे ती पोचली, असं नसतं. पाठवणं वेगळं, पोचणं वेगळं. जिच्याकडे मोबाइल नाही तिच्यासाठी फळ्यावर दोन ओळी लिहायला खडू फार लागत नाही. आठशे माणसांच्या सभेनं कागद टाकला, तो प्रत्येकाच्या हातात पाटी दिल्यावर. आधी सगळ्यांना पाटी, मग कागदाला सुट्टी, हा क्रम उलटा करून चालत नाही.

करून पाहा

दोस्तांनो, वर्गात एक खेळ खेळून बघा. एक ठराव लिहा. उदाहरणार्थ, "मधल्या सुट्टीत मैदानाचा अर्धा भाग लहान वर्गांसाठी ठेवावा." त्याच्या दहा प्रती काढून दहाजणांना द्या. मग चर्चा करा आणि तीन दुरुस्त्या तोंडी मंजूर करा. 'अर्धा'चं काहीतरी दुसरं करा, 'ठेवावा'चं काहीतरी तिसरं करा. शेवटी त्या दहाजणांना आपापल्या कागदावर अंतिम ठराव लिहायला सांगा आणि सगळे कागद एकत्र ताडून पाहा. शब्दाला शब्द किती जुळतात ते मोजा.

मग दुसऱ्यांदा तोच खेळ खेळा, पण आता ठराव फक्त फळ्यावर लिहा. प्रत्येक दुरुस्तीला पुसून तिथेच नवा शब्द लिहा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. या वेळी किती जुळतात?

कागद, फळा की काचेची पाटी, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त मत द्यायच्या आधी मागच्या बाकावर बसलेल्याला एकदा विचारा, "तुला दिसतंय ना?"